पाखरकोंडची टिकीटवाली

पाडायला काढलेल्या तिकीटघराच्या कुलपावर मुकादमाने तिसरा घाव घातला तेव्हा दर्शना रिकामं घमेलं घेऊन मागेच उभी होती. किल्ली तिच्या घरी खुंटीला होती. पण तसं बोलली असती तर मुकादमाला कळलं असतं, की आज मजुरीला घेतलेली ही बाई अकरा वर्षं याच खिडकीत बसत होती. मग त्याने तिला कामावर ठेवलं असतं की नाही, कोण जाणे. चौथ्या घावाला कुलूप तुटलं.

पाखरकोंडला पॅसेंजर दिवसातून दोनदा थांबायची, एकदा रत्नागिरीकडे जाताना, एकदा परतताना. या हॉल्टवर तिकिटं विकायची एजन्सी आधी दर्शनाच्या नवऱ्याकडे होती. तो काविळीने गेला आणि एजन्सी तिच्याकडे आली. विकलेल्या तिकिटांवर कमिशन, एवढीच मिळकत. गाडीला माणसं भरपूर चढत, तिकीट मात्र परगावचे पाहुणेच काढत. गाव म्हणे, आमच्या जमिनीवर स्टेशन आणि आम्हीच टिकीट काढायचं? दर्शना खिडकीत बसून राही. सगळी भावकीतलीच माणसं, भांडणार कोणाशी?

मग वरून पत्र आलं, विक्री वाढली नाही तर हॉल्ट बंद. तिने ते देवळात गावकीपुढे वाचून दाखवलं. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी सोडून फलाटाच्या तोंडाशी उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे तिकीट मागू लागली. पहिला आला विनोद, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, ग्रामपंचायतीचा सदस्य. नवरा गेल्यावर बाईला मास्तरकीचा माज चढला, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि तिला खांद्याने बाजूला सारून पुढे गेला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. सहा महिन्यांनी गाडी थांबायची बंद झाली. तेव्हा गाव म्हणालं, विधवेच्या हाती दिलं तेव्हाच स्टेशनाचं वाटोळं झालं.

दुपारी विनोद भाड्याचा टेम्पो घेऊन आला. पत्रे आणि लोखंडी बाक पाडकामाच्या ठेकेदाराकडून विकत घ्यायचं त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. दर्शनाला बघून तो जरासा थबकला.

"वयनी, तेवढी ती बाजू धरा," तो म्हणाला.

तिने धरली. बाक उन्हाने तापलं होतं, तळहात भाजले. दोघांनी मिळून ते वर चढवलं. घाम पुसत विनोद आपल्या मुलीचं सांगू लागला. शमिकाचं कॉलेज सुटलं होतं. एसटीसाठी पाच किलोमीटर चालायचं, तीही वेळेवर येत नाही, शेवटी पोर घरीच बसली. स्टेशन असतं तर पदवी झाली असती.

दर्शनाने टेम्पोची फळी लावली. इतक्या वर्षांत ती त्याला कधी काही बोलली नव्हती.

"भावजी, मी टिकीट मागत व्हते."

विनोदने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती.

"मंग जोरान मागायचंत," तो म्हणाला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

संध्याकाळच्या पॅसेंजरची वेळ झाली तेव्हा मुकादमाने सगळ्यांना रुळांपासून मागे घेतलं. गाडी न थांबता गेली. बाकीच्या बाया दारातल्या माणसांकडे बघत राहिल्या. दर्शना गाडीकडे पाठ करून बसली होती आणि पाडलेल्या खिडकीचे चिरे एकावर एक नीट रचत होती.

मुकादम म्हणाला, एवढं जपायला नको, ते भरावात टाकायचेत.

तिने मान डोलावली आणि तरीही हातातला चिरा कोपरा न मोडता खाली ठेवला.