स्वयंपाकघराच्या चौकटीवरची टिकली

मित्रांनो, माझ्या पोटाला पोचा आहे आणि माझा आस थोडा ढिला झालाय. तरी मला हसू नका बरं का! बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात राहणाऱ्या नंदकुमार सरांचा मी जुना पृथ्वीगोल. सर अर्थशास्त्र शिकवतात. एकदा घराची आवराआवर करताना मी भंगाराच्या पोत्यात गेलो होतो. वंदनाकाकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. ते उपकार मी कसे विसरेन?

तेव्हापासून मी ओसरीवर असतो. दर रविवारी मुलं शिकवणीला येतात आणि सर माझ्यावर काकूंच्या पाकिटातल्या टिकल्या लावतात. प्रत्येक देशाला तेच प्रश्न. माणसाची मालमत्ता सुरक्षित आहे का? पैशाची किंमत टिकते का? बाहेरच्या देशांशी व्यापार करता येतो का? धंदा सुरू करायला किती जणांच्या विनवण्या कराव्या लागतात? मोकळीक जास्त तिथे हिरवी टिकली, मधे असेल तर पिवळी, अडवणूक तिथे लाल. आपल्या देशावर पिवळी आहे. हिरव्या टिकल्यांच्या देशांत लोक बहुतेक सुखवस्तू असतात, हे मुलांना लगेच दिसतं. पण सर बजावतात, "नुसत्या मोकळिकीनं सगळं होत नाही रे, शाळा लागतात, दवाखाने लागतात. मात्र तिच्यावाचून माणसाचे हात बांधलेलेच राहतात." अशा वेळी मला माझ्या पोच्याचाही अभिमान वाटतो.

सरांची सून रुपाली जवळच्या जसोंडी गावची. माहेरी केळीची बाग आहे. तिच्या हातचे केळीचे वेफर म्हणजे काय सांगू! स्टेशनजवळचा एक दुकानदार ते विकायला तयार झाला होता. रविवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसऱ्याचा माल ठेवतो, असं त्याने सांगितलं होतं. रुपालीने नवऱ्याला, अनिकेतला, विचारलं. तो म्हणाला, "बाबांना विचार." बाबा म्हणजे आपले सर. ते रोज म्हणायचे, "बघू. मास्तरच्या घरात वेफरचा धंदा, लोक काय म्हणतील?" मला फार वाईट वाटायचं.

रविवार उजाडला. सर रंगात येऊन शिकवत होते, "जिथे साधा धंदा काढायला दारोदार विचारत फिरावं लागतं, तिथे लाल!"

काकू आतून आल्या. त्यांनी पाकिटातली एक लाल टिकली काढली आणि थेट स्वयंपाकघराच्या चौकटीवर चिकटवली. मुलं खो खो हसली.

"अगं, हे काय?" सर गोंधळले.

"तुमचंच माप लावलं. पोरगी आधी अनिकेतकडे गेली, मग तुमच्याकडे. तुम्ही रोज बघू बघू करताय. आता तिनं काय देश बदलायचा?"

सरांचा चेहरा उतरला. मुलांचं हसू थांबलं. सरांनी आत हाक मारली, "रुपाली, त्या दुकानदाराला हो म्हणून कळव. आणि यापुढे मला विचारू नकोस, नुसतं सांगत जा."

रुपालीचे डोळे भरून आले. सर हिरवी टिकली घेऊन चौकटीकडे निघाले, तर ती म्हणाली, "अभी नहीं, बाबा! पहिला घाणा तर निघू द्या."

पहिला घाणा निघाला, पाकिटं दुकानात गेली, आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या रुपालीने स्वतःच्या हाताने लाल टिकली काढून हिरवी लावली. मग तेलकट बोटांनी मला एक गिरकी दिली. ते डाग मी अजून मिरवतो. या घराचे माझ्यावर किती उपकार आहेत!

मित्रांनो, तुमच्या कपाटावर माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल तर त्याला खाली काढा, हळुवार पुसा, हवं तेवढं फिरवा. त्याच्यावर टिकल्याही लावा. फक्त सगळ्या हिरव्या टिकल्या परदेशात संपवू नका. एक आपल्या घराच्या चौकटीसाठी ठेवा.