थाप पकडणारी

आता जे सांगतो त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. या खोलीत कामच ते आहे.

बंद पडलेल्या दूध डेअरीची ही खोली गावाने झाडली, बाकं मांडली, ती नर्सबाईंच्या सांगण्यावरून. म्हातारपणी अख्खा माणूस आतून पुसत नेणारा तो आजार आपल्याकडे घरोघर दिसायला लागला होता. आलेला परतवायला औषध नाही. मग बाई म्हणाल्या, रक्तदाब तपासू, कान तपासू, सगळ्यांनी मिळून नाल्यापर्यंत चालून येऊ, आणि घरात एकटं कुणी बसायचं नाही. राहता राहिलं डोकं चालवणं. त्यासाठी मला नेमलं, कारण थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. मी गोष्ट सांगायची, आत एक थाप दडवायची; ज्याला सापडेल त्याने मोठ्याने म्हणायचं, "थाप."

न्हावी म्हणाला, "म्हणजे जन्मभर केलंस तेच. फक्त आता गावाच्या भल्यासाठी."

माझा जीव मात्र एकीतच अडकला होता. आमची ही. उभ्या संसारात माझी एक थाप हिच्यापुढे टिकली नाही. मी ओट्यावर रंगात यायचो आणि ही आतून भांडी घासता घासता म्हणायची, "अहो, पुरे." तीच आता चष्मा पिठाच्या डब्यात ठेवून दिवसभर शोधत बसायची.

नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काका, हे कुंपण आहे. आत शिरलेलं जनावर कुंपणाने बाहेर निघत नाही." कळत होतं हो, वळत नव्हतं.

मी थापा मोठ्या करत गेलो. आमची शेळी मेंढरांची शिकवणी घ्यायची म्हणालो. ही मान डोलावत राहिली. शेवटी म्हणालो, आमच्या लग्नाला नवरा आलाच नव्हता. सगळी खोली ओरडली, "थाप." ही मात्र कळवळली. "अगं बाई. मग त्या पोरीचं काय झालं हो, भाऊ?"

भाऊ. मला.

पण गेल्या बैठकीचं ऐका. नाल्याला पूर आला तेव्हा मी परातीत बसून पलीकडे गेलो, असं सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, पुरे." हीच. नजर अगदी पूर्वीची. म्हणाली, "परात माझ्या माहेरची. तुम्ही बसला असतात तर आज तिला पोचा नसता का?" घरी जाताना वाटभर माझी खरडपट्टी काढली, आणि कुलूप स्वतः उघडलं. ही काय, समोरच बसलीय. हो की नाही गं?

ही हसली. पाहुण्याकडे बघून हसावं तशी.

मग न्हाव्याने घसा खाकरला.

"थाप," तो म्हणाला. "गेल्या बैठकीला वहिनी माझ्याच शेजारी होत्या, लेका. त्यांचे ओठसुद्धा हलले नाहीत."