शेवटच्या ओळीवरचा डाग

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. वर्गातल्या कपाटामागे गुंडाळी होऊन उभा आहे. तोंड लपवायला जागा बरी आहे.

जपानी शिकवणाऱ्या बाईंनी मला जाड कापडावर स्वतःच्या हाताने रंगवलं. एकेक अक्षर देवाचं नाव घ्यावं तसं हळू काढलं. सगळ्यात वर 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सकाळचा नमस्कार. त्याखाली 'सुवात्ते कुदासाइ', बसा. मग 'किइते कुदासाइ', ऐका. आणि तळाशी, लहानांचाही हात पोचेल अशी, 'वाकारिमासेन'. मला समजलं नाही.

बाईंचा नियम साधा होता. ज्याला समजलं नाही, त्याने उठून त्या ओळीवर हात ठेवायचा. कारणं द्यायची नाहीत. बाई 'मोउ इचिदो', पुन्हा एकदा, असं म्हणून पहिल्यापासून सांगायच्या.

आधी सगळेच यायचे. पुढे मुलांना लाज वाटू लागली आणि एकच मुलगी येत राहिली. तिच्या बाबांना जपानात काम मिळालं होतं. परीक्षा झाली की घर हलणार, आणि तिला तिथल्याच शाळेत बसायचं होतं. बाकीच्यांची हौस, ती हिची गरज.

"आली बघा पुन्हाताई!" मुलं कुजबुजायची. "अगं, हात तरी धुऊन येत जा. तक्ता झिजला बिचारा!"

ती फ्रॉकला हात पुसायची, मान खाली घालायची, पण यायची.

तिच्या हाताने माझ्या शेवटच्या ओळीवर काळपट डाग पडला. वरच्या ओळी लखलखीत आणि खाली हे असं! माणसं वर्गात डोकावली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग एकदा त्या देशातून एक वयस्कर पाहुण्या शिक्षिका येणार असं ठरलं. बाईंनी फुलं रंगवलेली कागदाची पट्टी आणली आणि माझ्या डागावर चिकटवली. "परक्या माणसांपुढे शोभा नको," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

पाहुण्यांनी हसत, भरभर काहीतरी विचारलं.

"हाइ! हाइ!" म्हणजे होय, होय. अख्खा वर्ग डोलला. सगळ्यात जोरात बाई डोलल्या.

पाहुण्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. पुन्हाताई उठली, माझ्यापाशी आली, हात उचलला, आणि समोर फुलं! हात तसाच हवेत राहिला. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर जमिनीकडे वळवली. पोरीने हात पाठीमागे लपवला आणि ती जागेवर जाऊन बसली. त्या हाताचं रोजचं वजन मला ठाऊक होतं. ते अंगावर पडलं नाही, तेव्हा फुलांखाली माझी लाज दुप्पट झाली.

पाहुण्यांनी तोच प्रश्न आता बाईंना विचारला. बाईंचे कान लाल झाले. त्या माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी पट्टी ओढून काढली. गोंदाबरोबर त्या ओळीची निम्मी अक्षरंही गेली. उरलेल्या डागावर त्यांनी तळवा टेकला.

"वाकारिमासेन," बाई पुटपुटल्या. मग वळून म्हणाल्या, "ये गं. मलाही नाही कळलं."

पुन्हाताईने येऊन त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

पाहुण्या हसल्या नाहीत. कमरेत वाकल्या आणि तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं: या वर्गात एखाद्याला समजलं नाही, तर तो काय करतो?

बाईंना उत्तर द्यावं लागलं नाही. ते दोन हात तिथेच होते.

"बाई," मागून बारीक आवाज आला, "आम्ही पण उगाच होय म्हटलं."

परीक्षा झाली. पुन्हाताई जाताना माझ्या डागावर हात ठेवून "येते हं" म्हणाली. पुढे मी विटलो, उसवलो, आणि माझ्या जागी छापील तक्ता आला. फटीतून तो मला दिसतो. त्याचीही शेवटची ओळ तीच आहे.

मित्रांनो, आपल्या वर्गातल्या वस्तू जरूर जपा. पण त्या तक्त्याकडे एकदा बघा. इतकी वर्षं झाली, त्याच्यावर एकही डाग नाही. मला त्याची फार काळजी वाटते.