जास्वंदीचं खत

लालबागची चाळ पडून टॉवर उभा राहिला, तेव्हा कौसल्याबाईंनी एकच हट्ट धरला होता, पार्किंगच्या छतावरच्या, पोडियमवरच्या बागेत तळं हवं. चाळीच्या अंगणातल्या हौदात घरोघरचे गणपती विसर्जित व्हायचे, तसेच इथे व्हायला हवेत. तळं झालं, मासे आले. बाईंचे यजमान दौलतराव पाय गेल्यापासून चाकांच्या खुर्चीत बसून होते. चौपाटीच्या गर्दीत त्यांना कोण नेणार? बाप्पाला समोर बसून निरोप देता यायचा, तो या तळ्यामुळेच.

यंदा श्रावण लागला आणि पाण्यावर हिरवी साय धरली. सकाळी मासे तोंडं वर काढून धापा टाकायला लागले. सोसायटीचा सेक्रेटरी कोंडीराम म्हणाला, "काकी, गणपतीपर्यंत पाणी साफ नाय झालं तर यंदा तळं बंद. सगळे चौपाटीला."

कौसल्याबाईंनी पदर खोचला. जाळीने शेवाळ उपसलं, आणि निर्माल्य टाकणाऱ्या शेजारणींशी भांडून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! शेवाळ पुन्हा हजर. काठावरची जास्वंद मात्र कळ्यांनी लगडली होती. बाप्पाला यंदा घरचीच फुलं वाहायची म्हणून बाई तिला मुठीमुठीने खत घालत होत्या.

"जाळी ठेव गो," एका सकाळी दौलतराव म्हणाले. "हिरवं त्या कोपऱ्यातनं सुरू होतं, जास्वंदीखालनं. पाऊस आला की तुझं खत धुऊन पाण्यात उतरतं. जास्वंद खाते तेच शेवाळपण खातंय."

बाई वळल्या. "तुम्ही कधीपासनं बघताय?"

"आषाढापासनं. तेव्हा नुसता तो कोपराच हिरवा होता."

"आणि गप्प बसलात?"

"घरची फुलं म्हणून किती खुशीत होतीस. माझं काय, टीव्हीवर बघितलं असतं विसर्जन."

कौसल्याबाईंना राग आला. नवऱ्याचा की स्वतःचा, ते त्यांचं त्यांनाच कळेना. मग रडू आलं. डोळे पुसून त्यांनी खताची पिशवी बांधून ठेवली, जास्वंदीखालची वरची माती खरवडून काढली, काठाला विटा लावल्या. कोंडीरामने तळं उपसून नवं पाणी भरून दिलं. खरवडताना मुळं दुखावली असावीत, कळ्या पटापट गळून गेल्या. शेजारणींकडे बाई स्वतः गेल्या आणि चुकले म्हणाल्या. हे त्यांना माती खरवडण्याहून जड गेलं.

गणपती बसले, आणि दीड दिवसाने शाडूची मूर्ती पाण्यात उतरली. तळाला टेकली तरी सोंड स्पष्ट दिसत होती. दौलतराव खुर्चीतून वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

कौसल्याबाईंनी हात जोडले. "फुलं दादरच्या बाजारातली होती रे बाबा," त्या बाप्पाला म्हणाल्या. "पाणी तेवढं घरचं आहे."