महागावचा हात

महागावचा हात पुन्हा वर आला. पडद्यावर नावापुढे पिवळा पंजा. साधनाने कपाळाला आठी घालून तो खाली केला. ही तिसरी वेळ.

यवतमाळच्या जिल्हा कार्यालयात मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर सोळा तालुक्यांशी बोलत होते, आणि साहेब बोलत असताना पडद्यावर कुणाचा हात दिसता कामा नये असा दंडक होता. कुणाचा माइक बंद करायचा, कुणाचा उघडायचा, कोण जोडलं, कोण तुटलं, हे सगळं एकटी साधना बघायची. अकरा वर्षं, कंत्राटावर. नेर तालुक्याच्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर कुत्रं भुंकलं तरी बोलणी साधनालाच बसत.

"आज चाचाले काय सुचून राह्यलं?" ती शेजारी बसलेल्या गोविंदा शिपायाला हळूच म्हणाली.

"चहाची तलफ आली असन," गोविंदा म्हणाला.

रहमतचाचा महागावचे ऑपरेटर. दोघांची प्रत्यक्ष गाठ कधीच पडली नव्हती, पण दर मंगळवारी बैठकीआधीच्या चाचणीला सगळ्यांत आधी जोडले जाणार ते चाचाच. "बेटी, आवाज येऊन राह्यला का? जेवली का?" हे दोन्ही प्रश्न एका दमात. वडील गेल्यावर साधना कामावर परतली, त्या दिवशी चाचणी संपली तरी चाचा कॉलवरून हलले नाहीत. "बंद नको करू," म्हणाले. "मी हाय इथं." दहा मिनिटं तो कॉल तसाच चालू राहिला होता.

आज महागावचे साहेब पाहणीला गेले होते. खोलीत चाचा एकटेच, माइक इकडून बंद. मोबाइल नियमाप्रमाणे बाहेर ठेवलेला. चित्रही बंद, कारण नेट ओढत नव्हतं आणि "चित्र बंद ठेवा चाचा" असं सकाळी साधनानेच सांगितलं होतं.

बैठक संपली. एकेक तालुका निघून गेला. चालू कॉलच्या यादीत एकच नाव उरलं.

"चाचा, झाली बैठक. करा बंद."

तिने इकडून त्यांचा माइक उघडला. नुसता पंख्याचा आवाज आला.

"गेले वाटते चहाले," ती हसत म्हणाली आणि तिनेच कॉल तोडला.

तासाभराने महागावहून फोन आला. चाचा टेबलावर डोकं टेकून पडलेले सापडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. थोडं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.

रविवारी साधना एसटीने महागावला गेली. तीन वेळा हात वर आला होता आणि तो मीच खाली केला, एवढं एक वाक्य सांगायला. चाचांच्या बायकोने, आयशाबींनी, तिला जवळ बसवलं.

"तूच का साधना? रोज तुह्यं नाव घ्यायचे. यवतमाळले माही बेटी हाय म्हनायचे, कोनाचा कॉल तुटू देत नाही."

पुढ्यातल्या चहावर साय धरली. साधनाच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. परतताना यवतमाळ येईपर्यंत ती पदर तोंडावर धरून रडत होती.

मंगळवारी चाचणीला महागाव सगळ्यांत शेवटी जोडलं गेलं. चाचांच्या जागी वैष्णवी नावाची नवी मुलगी आली होती. जेवली का, असं कुणी विचारलं नाही.

बैठक सुरू झाली. साहेब आकडेवारीच्या ऐन भरात होते आणि महागावचा हात वर आला.

साधनाचं बोट सवयीने हात खाली करायच्या बटणाकडे गेलं. मग तिने साहेबांचा आवाज बंद केला आणि आपला व महागावचा माइक उघडला.

"वैष्णवी, बोल. काय झालं?"

सोळा तालुक्यांत तिचाच आवाज घुमला. पलीकडे पोरगी गांगरली.

"काही नाही ताई. चुकून दबलं."

"दबू दे. बरी हायेस ना तू?"

"हो ताई."

"खोलीत कोनी हाय ना सोबत?"

"हाये ना."

साहेब खुर्चीतून वळले. "माइक कुणी उघडला?"

"मी, सर," साधना उभी राहून म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, ते तिने पुसले नाहीत.

महागावच्या खोलीतला पंखा फिरत असलेला सगळ्यांना ऐकू येत होता. तो माइक तिने बैठक संपेपर्यंत बंद केला नाही.