दाढोबांचं मत

दाढोबांनी ड्रॅगनला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

दाढोबा म्हणजे वहिनींचे यजमान. दोघंही दातांच्या लॅबमध्ये. दातांचे डॉक्टर साचे आणि फोटो पाठवतात, आणि त्यावरून माणसांचे नवे दात बनतात ते तिथे. दाढोबा सिरॅमिकचे दात घडवायचे, वहिनी साच्यांतून मॉडेल काढायच्या. लॅबमध्ये सगळ्यांनी बायकोला वहिनी करून टाकलं होतं आणि नवऱ्याला दाढोबा. कारण हा माणूस कुठेही गेला तरी आधी समोरच्याच्या दाढा बघणार. लग्नाआधी मुलगी बघायला आले तेव्हाही म्हणे हिच्या हसण्याकडेच बघत बसले होते. घरच्यांना वाटलं, पोरगा खुळावला. पोरगा मोजत होता.

तर अशा माणसाला भाचीने जपानी कार्टूनचा नाद लावला. भाची परीक्षेसाठी तीन महिने राहून गेली, आणि जाताना टीव्हीवर जादूगार, राक्षस, उडती बेटं असलं सगळं भरून ठेवून गेली. आधी दोघांनी नाकं मुरडली. मग एका शनिवारी सहज लावलं आणि जेवण गार झालं. तेव्हापासून शनिवारी लॅब अर्धा दिवस, चार वाजता चहा, आणि एक भाग. एकच. हावरटासारखं पुढचं बघायचं नाही, हा वहिनींचा कायदा.

दुसरा कायदा लॅबमधून आला होता. लॅबमध्ये दाताचा रंग, म्हणजे शेड, कधीच एकट्याने ठरवायची नाही. पिवळट, करडा, दुधी, त्यातल्या छटांना आकडे असतात. दोघांनी वेगवेगळं बघायचं, न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहायचा, आणि एकदम उघडायच्या. जुळलं तर काम पुढे, नाही तर मालकांकडे. गेली अठरा वर्षं ही चिठ्ठी दाढोबा आणि वहिनीच लिहीत होते. बोलून ठरवलं की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो, असं मालक म्हणायचे, आणि त्यांना या नवराबायकोतला मोठा आवाज कुणाचा ते पक्कं ठाऊक होतं.

घरीही तेच. भाग संपला की टीव्ही बंद, दोन चिठ्ठ्या, दहापैकी गुण आणि खाली मत. एकदम उघडायच्या आणि मग भांडायचं. दाढोबांची मतं वाचण्यासारखी असत. 'चार. ड्रॅगन मांस खातो तर त्याला गाईच्या दाढा कशाला? चित्रकाराला फैलावर घ्या.' किंवा 'सहा. राणी तीनशे वर्षांची आणि दात एकही झिजलेला नाही. जादू समजू शकतो, पण इतकी नाही.' चिठ्ठीची मागची बाजूही भरायची. वहिनी हसून हसून बेजार व्हायच्या आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या. हे अर्थात दाढोबांना माहीत नव्हतं.

आता जी मालिका चालू होती ती डोंगरावरच्या दिव्याची. दिवा सांभाळणारी एक मुलगी. तिच्या दिव्यासमोर कुणी खरं बोललं तर ज्योत निळी राहते, खोटं बोललं की हिरवी होते. राजे, सरदार, व्यापारी सगळे तिच्यासमोर येऊन बसतात, आणि गोष्टीची सगळी गंमत त्या ज्योतीत. तिसऱ्या भागात भला मोठा ड्रॅगन आला, जबडा वासून पडदाभर बसला. वहिनींनी आधीच हसायची तयारी केली. आणि दाढोबांची चिठ्ठी उघडली तर त्यात, 'आठ. संयत कथनशैली आणि मनाचा ठाव घेणारं दृश्यसौंदर्य.'

संयत? हा माणूस आयुष्यात कधी 'संयत' म्हणाला नव्हता. वहिनींनी चिठ्ठी उलटून बघितली. मागे काही नव्हतं.

"ड्रॅगनच्या दाढांबद्दल काहीच नाही?"

"ठीक होत्या की दाढा," दाढोबा म्हणाले आणि कप उचलून आत गेले.

पुढच्या शनिवारी 'प्रकाश आणि सावलीचा अर्थपूर्ण खेळ' आला. त्याच्या पुढच्या शनिवारी तर कहरच झाला. चिठ्ठीत होतं, 'नऊ. मुलीच्या स्वतःच्या खोटेपणाने ज्योत हिरवी होते तो क्षण सुन्न करणारा.' आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर आख्खा भाग पुन्हा फिरला. असं काही त्यात नव्हतंच. मुलगी त्या भागात दिव्यासमोर बोललीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दाढोबा केस कापायला गेल्यावर वहिनींनी कायदा मोडला आणि पुढचा भाग लावला. अठराव्या मिनिटाला मुलगी खोटं बोलली आणि ज्योत हिरवी झाली.

म्हणजे यांनी आधीच बघितलं होतं. कुणाबरोबर?

आता पन्नाशी उलटलेल्या बाईने कार्टूनवरून नवऱ्यावर संशय घ्यावा का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तिशीपासून ज्याच्या बाजूला बसून रोज काम केलं, त्याच्या तोंडी उसने शब्द आले की बायकोला ते घासात खडा लागावा तसे लागतात. शब्द कुणाचे तरी होते. वहिनींनी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत फोन काढला आणि मालिकेचं नाव घालून शोधलं. फार शोधावं लागलं नाही. मतं लिहिणाऱ्यांचं एक पान होतं, त्यावर 'निळी मांजर' नावाने कुणीतरी लिहायची. 'संयत कथनशैली' तिथे होती. सावलीचा खेळही होता. आणि गेल्या आठवड्यात मांजरीने दोन भागांवर एकदमच लिहिलं होतं, तिथेच दाढोबांची गल्लत झाली होती. पुढचा भाग त्यांनी बघितला नव्हता, नुसता वाचला होता.

वहिनींना आधी हायसं वाटलं आणि दुसऱ्या क्षणाला जास्तच राग आला. स्वतःचं मत असलेला माणूस एका मांजरीचं मत का चोरेल? वाचत असतील तर बोलतही असतील. पुरुषाची जात काय सांगावी.

संध्याकाळी भांडी विसळता विसळता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हल्ली फोनमध्ये काय एवढं वाचता?"

"बातम्या."

"कुठल्या?"

"इकडच्या तिकडच्या." आणि त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

त्या शनिवारी वहिनींनी डाव टाकला. दिव्यावाली मालिका नको म्हणाल्या आणि त्याच सकाळी आलेली एक कोरी मालिका लावली. तिच्यावर जगात अजून कुणीही, मांजरीनेही, अक्षर लिहिलं नव्हतं. समुद्रातला राक्षस, तोंडात दातांच्या तीन रांगा. जुने दाढोबा त्यावर पुस्तक लिहिते. आताचे दाढोबा चिठ्ठीवर पेन टेकवून बसले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "आधी तुझी उघड."

"एकदम उघडायच्या असतात."

"हो, पण आज तुझी आधी."

वहिनींनी हात पुढे करून त्यांच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली. 'सात. बरी आहे.' एवढंच.

त्या रागावल्या नाहीत. त्यांना भीती वाटली. कारण 'आधी तुझी उघड' हे ऐकताना त्यांना लॅबमधलं शेडच्या चिठ्ठ्यांचं टेबल दिसलं होतं.

सोमवारी त्या अर्धा तास आधी पोचल्या. प्रत्येक कामाच्या खोक्यात दोन्ही चिठ्ठ्या टाचून ठेवायची पद्धत होती, आणि डॉक्टरांकडून शेवटचा होकार येईपर्यंत खोकी रॅकवरच असायची. वहिनींनी एकेक उघडायला सुरुवात केली. जुन्या खोक्यांत दर तीन-चार कामांमागे एक भांडण सापडलं. वहिनींचा एक आकडा, यांचा दुसरा, आणि खाली मालकांचं लाल पेन. मग अलीकडची खोकी. जुळलं. जुळलं. जुळलं. पाच आठवडे एकही भांडण नाही. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि वहिनींच्या हे लक्षातही आलं नव्हतं. उलट आपली नजर किती तयार झाली, म्हणून त्या मनातल्या मनात खूश होत्या.

एक खोकं परत आलेलं होतं. शाळेतल्या एका बाईंचा पुढचा दात. डॉक्टरांनी लिहिलं होतं, शेजारच्या दातापेक्षा पिवळा दिसतो, त्या हसताना तोंडावर हात धरतात. आत दोन चिठ्ठ्या. दोन्हीवर तोच चुकीचा आकडा.

दाढोबा आले, डबा ठेवला, ॲप्रन चढवला. पहिलंच काम पुढच्या दाताचं होतं. वहिनींनी नमुन्याच्या दातांची पट्टी फोटोशेजारी धरली. रंग स्वच्छ दुधी होता, शिकाऊ माणूससुद्धा चुकला नसता. त्यांनी वही ओढली आणि पट्टीवरचा चांगला गडद, पिवळट आकडा लिहिला, साडेतीन. कागद फाडला, घडी केली, आणि वही दाढोबांकडे सरकवली.

दाढोबांनी फोटो बघितला. पट्टी बघितली. मग वही जवळ घेतली आणि वरच्या कोऱ्या पानावरून अंगठा फिरवला, अगदी हलका, घडलेल्या दाताची कड तपासताना फिरवायचे तसा. वहिनी पेन्सिल दाबून लिहायच्या. खालच्या पानावर वण उठायचा. तीस वर्षं दात घडवलेल्या अंगठ्याला तो वण वाचायला किती वेळ लागणार?

त्यांनी लिहिलं. दोघांनी चिठ्ठ्या उघडल्या. साडेतीन आणि साडेतीन.

"जुळलं," दाढोबा म्हणाले.

"मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या.

पलीकडे कुणाचं तरी पॉलिशचं मशीन चालू होतं. दाढोबांनी वही मिटली.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

"तो दिवा लागला तेव्हापासून," ते हळू आवाजात म्हणाले. "पहिल्याच भागात. तू म्हणालीस, बघा, हिरवी झाली. आणि मला निळी आणि हिरवी एकच दिसत होती. मातकट. लांबचं तर सगळं धूसरच, ड्रॅगनच्या दाढा कुठल्या दिसायला. मग लॅबमध्ये पट्टी धरली, तर शेजारशेजारचे चार दात सारखेच. घरी काही चुकीचं लिहिलं असतं तर तू ओळखलं असतंस. म्हणून वाचून लिहायला लागलो."

"डॉक्टरकडे गेलात?"

"एकटाच गेलो. मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा म्हणाले. मी विचारलं, रंग पूर्वीसारखे दिसतील का? तर म्हणाले, पूर्वीसारखे नाही, वेगळे दिसतील, चांगले दिसतील. वेगळे म्हणजे काय गं? माझे सगळे रंग या डोळ्यांनी शिकलेत. आणि मालकांचं तुला माहीतच आहे. डोळ्यांची तक्रार आली की टेबल गेलं. तुझ्याआधी जो चिठ्ठ्या लिहायचा, तो आता खोक्यांना लेबलं चिकटवतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. तू बघत जा, मी घडवत जातो. हात तर चांगले आहेत ना माझे? कुणाला कळणार आहे?"

 दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं वहिनींना अगदी खरंच वाटलं. तिच्याशी भांडता आलं असतं.

"ही बघा," त्यांनी शाळेतल्या बाईंचं खोकं पुढे ठेवलं. "ही माझी चूक. तीन आठवड्यांपूर्वीची. तुम्ही असता तर तिथल्या तिथे मला झापलं असतंत. आंधळी झालीस का, म्हणाला असतात. ती बाई आता तोंडावर हात धरून हसते. मला वाटत होतं, आपण दोघं बघतोय. मी एकटीच बघत होते हो, आणि तुम्ही मला सांगितलंही नाहीत."

दाढोबांनी खोक्यातल्या दोन चिठ्ठ्या हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"तू येतेस आत?" त्यांनी मालकांच्या केबिनकडे बघत विचारलं.

"नाही. तुमचे डोळे आहेत, तुम्हीच सांगायचं. ऑपरेशनला मी येईन. लेबलं चिकटवायला बसवलं तर शेजारी येऊन मीही चिकटवीन. पण हे मी सांगणार नाही."

ते उठले. ॲप्रनची गाठ सोडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मग ते आत गेले आणि दार लागलं.

वहिनींनी साडेतीनच्या दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या. काम तर करायलाच हवं होतं. त्या फोटो आणि पट्टी घेऊन खिडकीशी गेल्या. मघाशी हाच रंग त्यांना स्वच्छ दुधी वाटला होता, शिकाऊ माणूसही चुकला नसता असा. आता पट्टी धरली तर त्याला किंचित करडी झाक दिसायला लागली. डोळे मिटून पुन्हा बघितलं. झाक गेली. पट्टी दुसऱ्या हातात घेतली, तर परत आली. विचारायला त्यांनी सवयीने मान वळवली. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, केबिनचं दार उघडायची वाट बघत, हातातल्या पट्टीवरच्या आकड्यावर अजिबात भरवसा नसलेल्या.