गुडघ्यावरची ऊब

मी विरिंगो बोलतोय. विरिंगो म्हणजे आमच्याकडे उघडा कुत्रा. अंगावर केस नाहीत, डोक्यावर तेवढी चार काड्यांची शेंडी. दातही जन्मापासून अर्धेच. आमचे पूर्वज जुन्या मडक्यांवर कोरलेले आहेत म्हणे, आणि ती मडकी लोक काचेत जपतात.

पेरू देशातल्या वाळूच्या मुलखात, कासिमिराआजीच्या घरी, मला आणलं ते लाडासाठी नव्हे, तिच्या डाव्या गुडघ्यासाठी. आमचं अंग हाताला तापल्यासारखं लागतं. विरिंगो दुखऱ्या जागेवर निजवला की दुखणं स्वतःत ओढून घेतो, अशी इथल्या बायकांची श्रद्धा.

हिवाळाभर मी त्या गुडघ्यावर निजलो. सून साबिना मला न्हाऊ घाली, तेल चोळी, उन्हात पाऊल टाकू देत नसे.

"आई, माझ्यापेक्षा यालाच जास्त तेल लागतं हो!"

"तुझ्या अंगाला एवढी ऊब असती, तर तुलाच नसतं का निजवलं?"

दोघी हसत. मीही शेपूट हलवी.

आजीनं देवमातेला नवस बोलला होता, गुडघा सुटला तर टेकडीवरच्या देवळात पायी येईन. ऊन तापलं आणि गुडघा सुटला. आजी अंगणात चालू लागली. मी आनंदानं तिच्याभोवती गरगर धावलो, आणि अल्गारोबोच्या झाडाचा काटा माझ्या पायात मोडला.

मला लंगडताना पाहून आजीच्या हातातलं मक्याचं भांडं सुटलं.

"साबिना, बघ गं! डावाच पाय! घेतलं यानं माझं दुखणं!"

साबिनानं छातीवर क्रूस काढला. मग तिचा आवाज उतरला. "पण आई, दुखण्यानं भरलेला कुत्रा घरात राहिला, तर दुखणं उलटतं म्हणतात."

"मग घालव त्याला. नवस फिटायच्या आत घालव."

मी पाय वर धरून दाखवला. साबिना वाकली, हात पुढे केला.

"शिवू नकोस! तुला लागेल ते!"

हात मागे गेला. भर दुपारी दार लागलं. संध्याकाळपर्यंत माझ्या पाठीवर फोड आले होते.

आजी नवसाला निघाली, तेव्हा मी मागून लंगडत गेलो. तिनं दगड उचलला. "जा रे बाळा, जा," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. नेम मात्र चुकला नाही.

आता मी कुंपणामागे पडून असतो. पाय सुजलाय, पाठीची साल निघालीय. धुक्याची थंडी परतली, तशी काल खिडकीतून हाक ऐकू आली, "साबिना, गुडघ्यानं परत धरलं गं!" मी उठून बसलो. वाटलं, आता मला बोलावतील.

आज साबिनाच्या शालीतून शेंडीवालं एक काळं पिल्लू घरात गेलं.

देवमाते, माझाही एक नवस आहे. वाहायला माझ्याकडे काही नाही. साबिना वाईट नाही, त्याला तेल लावील, सावलीत ठेवील. फक्त ते लंगडलं, की आजीची पाठ वळल्यावर एकदा तिला त्याचा तळवा उलटून बघायची बुद्धी दे. काटा वरच असतो. नखानंही निघतो.